होल्लोको (हंगेरी): एका दिवसात गाव, किल्ला आणि परतीची बस

नकाशेबाज

बुडापेस्टला चार दिवस असणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न: "जवळपास एखादं जुनं खेडं एका दिवसात बघून होईल का?" होईल. त्यासाठी होल्लोको धरा. माहिती तुकड्यातुकड्यांत विखुरलेली आहे, ती एका जागी यावी म्हणून हा धागा.

गाव नोग्राद परगण्यात, चेरहातच्या डोंगररांगांत, बुडापेस्टच्या ईशान्येला साधारण १०० किमीवर. लोक पालोत्स समाजाचे. बोली, पेहराव, घरं बांधायची पद्धत सगळं उर्वरित हंगेरीहून थोडं वेगळं. १९८७ साली युनेस्कोच्या यादीत आलं, बुडापेस्टच्या डॅन्यूबकाठाच्या बरोबरीने. जुना भाग अगदी छोटा आहे: मुख्य कोशुत रस्ता, त्याला फुटलेली पेतोफी गल्ली, मध्ये चर्च, आणि पन्नास-साठ संरक्षित घरं. नुसता रस्ता चालायला २० मिनिटं पुरतात. पण दोन-तीन घरं आतून बघायची, किल्ल्यावर जायचं आणि निवांत जेवायचं तर ४ ते ५ तास धरा. त्याहून जास्त लागत नाहीत, त्याहून कमी ठेवलेत तर किल्ला हुकतो.

आता बस, कारण दिवसाची सगळी गणितं तिच्यावर आहेत. तांबड्या मेट्रोने (एम२) पुश्काश फेरेन्त्स श्तादिओन स्टेशनवर उतरायचं, बाजूलाच बसस्थानक आहे. थेट बसला दोन तासांच्या आसपास लागतात. थेट बस दिवसात मोजक्याच, नाहीतर सेचेन्य किंवा पास्तोला बदलावी लागते. बदलायची असेल तर मधला वेळ २० मिनिटांहून कमी ठेवू नका. पहिली बस उशिरा आली तर दुसरी थांबत नाही आणि पुढची दोन तासांनी असू शकते.

लोक फसतात ते वेळापत्रकाच्या खुणांवर. हंगेरीत बसच्या प्रत्येक फेरीपुढे बारीक खूण असते: कामाच्या दिवशीच, सुट्टीच्या दिवशीच, किंवा फक्त शाळा चालू असलेल्या दिवशी. खेड्यांच्या बऱ्याच फेऱ्या शाळेवरच बेतलेल्या आहेत, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये त्या गायब. दुसरा सापळा आणखी खट्याळ. सण गुरुवारी आला तर सरकार शुक्रवारी सुट्टी देतं आणि तो दिवस एखाद्या शनिवारी भरून घेतं. त्या शनिवारी बस सोमवार ते शुक्रवारच्या वेळापत्रकाने धावतात! म्हणून "शनिवारी बस कधी?" असं न शोधता, जायची नेमकी तारीख टाकून शोधा. आधी परतीची बस पक्की करा, मग जायची.

टकमक

उपयुक्त धागा. एक शंका: हे गाव खरंच जुनं आहे की पर्यटकांसाठी सजवलेला देखावा? फोटो बघून सगळं जरा जास्तच पांढरंशुभ्र वाटतं.

वळचण

टकमक, प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र हो किंवा नाही असं एका शब्दात बसत नाही.

तुम्ही ज्या भिंतींना हात लावाल त्यातल्या बहुतेक १९०९ नंतरच्या आहेत. त्या साली मोठी आग लागली आणि गावाचा मोठा भाग जळाला. ती पहिली आग नव्हती. घरं लाकडी, वर गवती छप्पर, आणि प्लॉट इतके अरुंद की एका घराची वळचण दुसऱ्याच्या अंगाला. एक ठिणगी पुरे. लाकूड-गवत वापरू नका असा सरकारी हुकूम असूनही लोक पुन्हा पुन्हा तसंच बांधत राहिले. १९०९ नंतर मात्र दगडी जोतं, मातीच्या भिंती आणि वर कौलं असा बदल झाला. म्हणजे सामान नवं. पण जागा, आखणी, घराची ठेवण तीच. जुनं जे आहे ते जमिनीवर आखलेलं आहे, आणि बघायचं ते हेच.

कसं बघायचं ते सांगतो. कोशुत रस्त्यावर उभं राहा आणि घरांचं तोंड कुठे आहे ते पाहा. आखूड बाजू रस्त्याकडे, लांब बाजू आत अंगणाकडे. प्लॉट म्हणजे रस्त्यापासून मागे गेलेली चिंचोळी पट्टी. मुलाचं लग्न झालं की त्याच पट्टीत, त्याच ओळीत मागे नवीन खोल्या. एकत्र कुटुंब आडवं न पसरता मागे मागे वाढत गेलं. जमीन वाटली गेली तरी रस्त्याकडचं तोंड मूळ तेवढंच राहिलं.

घरात खोल्या तीन, एका रांगेत. रस्त्याकडची पुढची खोली चांगली, पाहुण्यांची आणि सणासुदीची. मधली पित्वर, तिथूनच आत शिरायचं आणि तिथेच चूल. मागची कमरा, धान्य आणि अवजारं ठेवायची. (हो, कमराच! त्यांना तो शब्द लॅटिनमधून मिळाला, आपल्याकडच्या हिंदी 'कमऱ्या'चा पोर्तुगीज पूर्वजही लॅटिनचाच नातू. अर्थ तेवढा त्यांच्याकडे कोठीघर असा झाला.) लांब बाजूला पडवी, तिला तोर्नात्स म्हणतात. तिच्या लाकडी कठड्याच्या फळ्यांत कोरलेली नक्षी दर घराची निराळी. उतारावरच्या घरांना खाली दगडी तळघर असतं, त्याचं दार थेट रस्त्यावर उघडतं आणि पडवी त्याच्या डोक्यावर येते. सगळ्यात जास्त फोटो याच पडव्यांचे निघतात.

छपराकडेही बघा. रस्त्याकडच्या त्रिकोणी भिंतीच्या वरच्या टोकाला कौलांचं छोटं पाखं पुढे उतरवलेलं असतं. ते शोभेचं नाही. मातीच्या भिंतीचा शत्रू पाणी. पावसाचा मारा त्रिकोणाच्या टोकावर बसला की गिलावा सुटतो, पाणी आत शिरतं आणि भिंत वरून खाली विरघळायला लागते.

पांढरा रंग 'सजवलेला' वाटतो, पण तो चुना आहे. मातीच्या भिंतीत ओल जमिनीतून वर चढतच असते. चुन्यातून ती बाहेर निघून वाळते. कुणी हौसेने सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक रंग मारला की ओल आत अडकते, रंगाचे फुगे येतात, आणि हिवाळ्यात ते पाणी गोठून फुगलं की गिलाव्याचे पापुद्रेच्या पापुद्रे निघतात. चुना मात्र पावसाने झिजतो, म्हणून पुन्हा पुन्हा हात फिरवावा लागतो. त्यामुळे गाव कायम नवं कोरं दिसतं. कोकणातलं सारवलेलं अंगण रोज नवं दिसतं, तसंच.

आता देखाव्याबद्दल. गावाची लोकसंख्या काही शेच, आणि त्यातले बरेच शेजारच्या नव्या वस्तीत राहतात. जुन्या घरांपैकी कितीतरी आता पाहुणेघरं, कारागिरांच्या खोल्या किंवा छोटी संग्रहालयं आहेत. शेणाचा वास, कोंबड्या, मळलेले बूट अशी अपेक्षा ठेवून गेलात तर हिरमोड होईल.

टकमक

एवढं सविस्तर अपेक्षित नव्हतं, धन्यवाद वळचण. आता कुठली घरं आतून बघायची?

वळचण

वेळ कमी असेल तर कोशुत रस्त्यावरचं ग्रामसंग्रहालय आधी. तिन्ही खोल्या सामानासकट मांडलेल्या आहेत, वर लिहिलंय ते डोळ्यांनी दिसतं. मग विणकामाचं घर, कारण तिथे माग चालताना बघायला मिळतो. पेहरावात रस असेल तर बाहुल्यांचं संग्रहालय. जुन्या टपाल खात्याचं छोटं संग्रहालय वेळ उरला तरच.

चर्च १८८९ चं. आकाराने देवळीएवढंच म्हणा, पण त्याचा लाकडी मनोरा, वर लाकडी चिपांचं छप्पर, हे गावाचं चिन्ह झालंय. रस्ता जिथे दुभंगतो तिथेच ते उभं आहे. फोटो खालच्या बाजूने, मनोऱ्यामागे किल्ला येईल असा कोन शोधून. आत प्रार्थना चालू असेल तर बाहेरच थांबा.

तिकिटं साधारणपणे घरागणिक असतात, एकत्र तिकीट मिळतंय का ते गावाच्या तोंडाशी असलेल्या माहिती केंद्रात विचारा. उत्सवाच्या दिवशी जुन्या गावात शिरायलाच तिकीट लागतं.

शाकाहारी_सुटकेस

महत्त्वाचा प्रश्न राहिलाच. खायचं काय? डबा न्यावा का?

पोटोबा

डबा न्या किंवा नेऊ नका, पण सोमवारी आणि नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत मात्र नक्की न्या. त्या काळात बरीच दारं बंद असतात आणि एखादीच खानावळ उघडी सापडते.

बाकी दिवसांत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण त्याला शब्द माहीत हवेत. 'हूश नेलक्यूल' म्हणजे मांसाशिवाय. एवढ्यावर भागत नाही, कारण डुकराच्या चरबीचे तुकडे आणि वितळलेली चरबी यांना तिथे सगळे 'मांस' धरतीलच असं नाही. म्हणून पुढचे दोन शब्दही पाठ करा: 'सलोन्ना' म्हणजे खारवलेली चरबीची पट्टी, 'झीर' म्हणजे वितळलेली चरबी. 'सलोन्ना नेलक्यूल' असं ऑर्डर देतानाच सांगायचं. ताट आल्यावर सांगितलं तर वरचे तुकडे चमच्याने बाजूला काढून तेच ताट परत येतं.

खास धोके तीन. पोगाचा नावाची छोटी खारी पावासारखी दिसते. बटाट्याची किंवा चीजची चालेल, 'तेपेर्तोश' लिहिलेली असेल तर त्यात चरबीचा कुरकुरीत चुरा आहे. घेवड्याचं सूप ऐकायला निरुपद्रवी, पण बहुधा धुरावलेलं मांस घालूनच शिजवतात. आणि लांगोश, म्हणजे तळलेली जाड पुरी, वर लसूण, तेय्फोल (आंबट साय) आणि किसलेलं चीज. ती हल्ली बहुतेक ठिकाणी तेलात तळतात, तरी 'झीर?' असं एकदा विचारून घ्या.

बहुधा चालणारं ते रेतेश: पातळ पदराची गुंडाळी, आत खसखस, सफरचंद, आंबट चेरी किंवा तूरो (आपल्या चक्क्याचा रवाळ भाऊ). अंडं मात्र जवळजवळ सगळ्यात असतं. अंडंही न खाणाऱ्यांनी डबाच न्यावा, वाद नको.

मांसाहारींसाठी पालोत्स सूप: मटण, फरसबी, बटाटा, तेय्फोल आणि शेपू. हो, शेपू! आपल्याकडे शेपू म्हटलं की पळणारे तिथे वाटीभर ओरपतात. गंमत म्हणजे नाव पालोत्सांचं असलं तरी हे सूप खेड्यात जन्मलेलं नाही. बुडापेस्टच्या गुंडेल यानोश या खानावळवाल्याने १९व्या शतकाच्या अखेरीस ते बनवलं.

खेड्याचं खरं जेवण बटाट्याचं. त्यातलं स्त्रपच्का (बटाट्याच्या पिठाचे उकडलेले गोळे) घरी करता येतं, म्हणून देतो. चार जणांना: अर्धा किलो जुने बटाटे, २५० ग्रॅम मैदा, १ अंडं, चमचाभर मीठ, वर २०० ते २५० ग्रॅम मेंढीच्या दुधाचं युहतूरो. ते नाही मिळालं तर रवाळ फेटा चीज चक्क्यात मिसळून. आधी मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी खळखळत ठेवा, मगच बटाटे सोला. कच्चे बटाटे बारीक किसून लगेच अंडं, मीठ, मैदा घालून कालवा. पीठ भज्यांच्या पिठाहून घट्ट, पण चमच्यावरून सावकाश ओघळेल असं. मोठ्या भोकांच्या झाऱ्यातून दाबून उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगल्यावर दोन-तीन मिनिटांनी काढा, चीज घालून गरम गरम वाढा.

बिघडतं ते दोन ठिकाणी. कीस ठेवून दिला तर काळा पडतो आणि पाणी सोडतो, पीठ सैल होऊन पाण्यात विरघळतं. आणि घाबरून जास्त मैदा घातला की रबरी गोळे होतात. म्हणून आधी एकच गोळा सोडून बघा. फुटला तर चमचाभर मैदा, नाही फुटला तर हात आवरा.

शाकाहारी_सुटकेस

पोटोबाकाका, साष्टांग नमस्कार. शब्दांची यादी मोबाइलवर उतरवून घेतली.

नकाशेबाज

शब्दांवरून आठवलं. पाट्या रोमन लिपीत असल्या तरी उच्चार इंग्रजीचे नाहीत. नुसता 'एस' दिसला तर 'श', 'एस-झेड' जोडी असेल तर 'स', 'सी-एस' म्हणजे 'च', एकटा 'सी' म्हणजे 'त्स'. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर. होल्लोकोमधला 'ल' खरंच दुहेरी, आणि शेवटचा स्वर मराठीत नाही: ओठ 'ओ'चे करून तोंडाने 'ए' म्हणा, जवळपास पोचाल. बसचालकाला बोलून समजत नसेल तर नाव लिहून दाखवणं सगळ्यात सोपं.

चाकोरी

गाडीने जाणाऱ्यांसाठी. बुडापेस्टहून एम३ महामार्गाने हत्वानपर्यंत, मग २१ नंबरच्या रस्त्याने पास्तोकडे, तिथून पाट्या बघत डावीकडे डोंगरात. दीड तास पुरतो. शेवटचा तुकडा वळणांचा आणि अरुंद. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, वेग कमी ठेवा.

एम३ ला टोलनाका नाही. ऑनलाइन ई-मत्रित्सा (टोलची डिजिटल पावती) घ्यायची, ती गाडीच्या नंबरवर चढते आणि कॅमेरे नंबर वाचतात. एका दिवसाचीही मिळते. दंड बसतो तो बहुतेक वेळा नंबर टाकताना शून्य आणि ओ यांची अदलाबदल झाल्यामुळे, किंवा गाडीचा देश चुकीचा निवडल्यामुळे. भाड्याच्या गाडीवर ती आधीच आहे का, ते चावी घेतानाच विचारा. पावती जपून ठेवा, गाडी परत केल्यावरसुद्धा.

जुन्या गावात गाडी नेता येत नाही, बाहेर सशुल्क वाहनतळ आहे. आणि चालवणाऱ्याने फळांच्या दारूचा, पालिंकाचा, घोटसुद्धा घ्यायचा नाही. हंगेरीत चालकाला रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे. थोडं चालतं हा प्रकारच नाही.

टकमक

किल्ल्याबद्दल कुणी लिहिलंच नाही. आयडीला जागून विचारतोय.

चुनखडी

किल्ल्याची गोष्ट नावातच आहे. होल्लो म्हणजे डोमकावळा, को म्हणजे दगड. दंतकथा अशी की कच्चिच घराण्यातल्या एका सरदाराने शेजारच्या जमीनदाराची सुंदर बायको पळवून अर्धवट बांधलेल्या गढीत कोंडली. तिची दाई चेटकीण होती. तिने सैतानाशी संधान बांधलं, त्याच्या पोरांनी कावळ्यांची रूपं घेतली आणि रातोरात गढीचे दगड चोचीत धरून पळवले. त्या दगडांचाच हा किल्ला उभा राहिला म्हणे.

इतिहास थोडक्यात: १२४१-४२ च्या मंगोल स्वारीने देश उद्ध्वस्त झाल्यावर हंगेरीत दगडी किल्ल्यांची लाट आली, त्यातला हा. १५५२ मध्ये तुर्कांनी घेतला, पुढे हात बदलत राहिला, आणि १६८३ मध्ये पोलंडच्या सोबिएस्की राजाच्या फौजेने तो तुर्कांकडून कायमचा सोडवला. १७११ मध्ये हॅब्सबर्ग सत्तेविरुद्धचा राकोत्सीचा उठाव संपल्यावर तो सुरुंग लावून निकामी करायला घेतला, पण उडवला तो काही भागच. म्हणून आज बघायला एवढं शिल्लक आहे. डागडुजी होऊन १९९६ मध्ये लोकांसाठी उघडला.

उंची ३६५ मीटर. गावातून रानातल्या पायवाटेने १५-२० मिनिटं. सह्याद्रीत चढणाऱ्यांना ही टेकडी वाटेल. पण पाऊस पडून गेल्यावर चिकणमातीची वाट साबणासारखी होते आणि बीचची ओली पानं त्याहून वाईट. सपाट तळाचे बूट नकोत. आत आधी पाचकोनी जुना बुरूज बघा, तोच सगळ्यात जुना भाग. कोन शत्रूच्या दिशेने ठेवला की मारा सरळ भिंतीवर न बसता घसरतो. माथ्यावरून गावाची आखणी, वळचणने सांगितलेल्या त्या पट्ट्या, स्वच्छ दिसतात. म्हणून माझं मत: आधी किल्ला, मग गाव. सकाळी वर ऊन तुमच्या पाठीशी असो वा नसो, गर्दी तरी नसते, आणि जेवणानंतर चढायचा कंटाळाही वाचतो.

नकाशेबाज

क्रमाशी सहमत. फक्त किल्ल्याची उघडण्याची वेळ ऋतूनुसार बदलते, बस लवकर पोचत असेल तर आधी तपासा.

रंगीबेरंगी

ईस्टरला जावं का? पाणी उडवतात म्हणे, आपल्या धुळवडीसारखं?

वळचण

ईस्टरच्या सोमवारी. लोचोल्कोदाश म्हणतात. मुलगे मुलींवर पाणी टाकतात. शहरात हल्ली अत्तराचे चार थेंब, होल्लोकोत मात्र विहिरीच्या थंड पाण्याची अख्खी बादली. मुली घोळदार झग्यांच्या थरांच्या थरात असतात, दोघे हात धरतात, तिसरा बादली रिकामी करतो. बदल्यात मुलगी रंगवलेलं अंडं देते. समजूत अशी की पाणी पडलेली पोर कोमेजत नाही.

अंडी रंगवतात कांद्याच्या सालांच्या पाण्यात. त्याआधी बारीक नळीच्या टोकाने वितळलेल्या मेणाने नक्षी काढायची, मग रंगात बुडवायचं. मेणाखालचा भाग कोरा राहतो. नंतर किंचित गरम करून मेण फडक्याने पुसायचं. नळीत मेण गार झालं की रेघ तुटते, जास्त तापलं की थेंब पसरतो; सगळं कसब त्या मधल्या चार-पाच सेकंदांत आहे.

जाण्याबद्दल: गर्दी प्रचंड असते, बसमध्ये उभ्याने प्रवास, जेवायला रांग. उत्सव बघायचा असेल तर ईस्टर, गाव बघायचं असेल तर मे किंवा सप्टेंबरातला कामाचा दिवस. दोन्ही एका दिवशी जमत नाही. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी लावा, पाणी टाकणारे बाजूला कोण उभं आहे ते बघत नाहीत.

आजीसोबत

७२ वर्षांच्या सासूबाई आणि बाबागाडी. जमेल का?

चाकोरी

गावाचा रस्ता दगडी फरसबंदीचा आणि उताराचा आहे. छोट्या चाकांची बाबागाडी दर दोन पावलांना अडकेल, पाठीवरची झोळी न्या. सासूबाईंना काठी असेल तर चर्चपर्यंतचा रस्ता ठीक, किल्ला सोडून द्या. संग्रहालयांची दारं बुटकी आणि उंबरे उंच, वाकून आणि पाय उचलून.

गुडघे फारच दुखत असतील तर होल्लोकोऐवजी बुडापेस्टजवळच्या सेन्तेन्द्रेचं स्कान्झेन घ्या. १९६७ साली स्थापन झालेलं उघड्यावरचं संग्रहालय, देशभरातली घरं उचलून आणून प्रदेशवार मांडलेली. आत छोटी आगगाडीसुद्धा आहे. बुडापेस्टच्या बॉत्यानी चौकातून एच५ लोकल, ४० मिनिटं, पुढे बस. शहराचं तिकीट महापालिकेच्या हद्दीपर्यंतच चालतं, पुढचं जोडतिकीट आधी घ्या, तपासनीस हद्दीच्या पुढे हमखास चढतात. स्कान्झेन सोमवारी आणि थंडीत बहुतांशी बंद असतं.

वळचण

स्कान्झेनमध्ये निरनिराळ्या प्रदेशांची घरं एका दुपारी दिसतात, पण घर उचलून आणलं की पट्टीसारखा प्लॉट, उतार, शेजारी आणि वरचा किल्ला मागेच राहतात. गुडघे शाबूत असतील तर होल्लोकोच.

शाकाहारी_सुटकेस

शेवटचं: रोख पैसे किती? आणि परतीची बस नेमकी कुठून?

नकाशेबाज

मोठ्या ठिकाणी कार्ड चालतं, पण कारागिरांच्या खोल्या आणि छोट्या दुकानांत रोख लागते. माणशी दहा-पंधरा हजार फोरिंत शहरातूनच काढून न्या, गावात एटीएमच्या भरवशावर राहू नका. युरो कुणी घेतलेच तर भाव स्वतःच्या सोयीने लावतात.

बस जुन्या गावात शिरत नाही, त्याच्या तोंडाशी थांबते. उतरल्याबरोबर थांब्यावरच्या छापील वेळापत्रकाचा फोटो काढा आणि ऑनलाइन वेळेशी ताडून बघा. दोन्हींत फरक असेल तर उतरतानाच चालकाला मोबाइलवर वेळ दाखवून विचारा. मान हलवली तर ठीक. शेवटच्या बसला दहा मिनिटं आधी थांब्यावर हवं, शेवटच्या आधीची धरलीत तर आणखी बरं.